कोटाची डावी बाही

२१ सप्टेंबर

धाकटे,

'प्रिय' लिहायचं की नाही यावर दोन कागद फाडले, म्हणून आता नुसतं धाकटे. आशीर्वाद आहेतच, मोठी असल्यामुळे ते द्यावेच लागतात. फोन तू उचलत नाहीस. मावशीकडे निरोप द्यावा तर ती अर्धा गाळते आणि अर्धा पदरचा घालते. तेव्हा पत्र. वाचायचं नसेल तर निदान फाडू नकोस. मागची बाजू कोरी ठेवली आहे, गिऱ्हाइकांची मापं लिहायला होईल.

सुखरूप पोचले. मावशीने सांगितलं असेलच, परदेशातल्या या शिवणशाळेने मला वर्षभराच्या करारावर घेतलं आहे, कोट आणि जाकिटं शिकवायला. मार्चमध्ये मोठ्या बाई, म्हणजे इथल्या मुख्याध्यापिका, ठरवणार की मला पुढची दोन वर्षं ठेवायचं की गाशा गुंडाळायला लावायचा. मला राहायचं आहे. आढेवेढे न घेता सांगते. परत येऊन बसू कुठे? आपल्या दुकानात? तिथे तुझं मशीन होतं त्या जागी फरशीवर चार पायांचे डाग आहेत, आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला तुझी नवी पाटी. दोन्ही रोज बघायची माझी तयारी नाही.

खोली बरी आहे. पलंग, कपाट, टेबल, एक खुर्ची. घरमालकीण खालच्या मजल्यावर राहते आणि गोड बोलते, जरा जास्तच. सकाळी मी खुर्ची पलंगाशी ठेवून जाते, संध्याकाळी ती खिडकीशी असते. म्हणजे माझ्या माघारी ही बाई खोलीत येते. बॅगेला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

वर्गात लांबलचक टेबलं आहेत आणि खिडक्या मोठ्या, काळ्या कापडावर काळा दोरासुद्धा दिसावा असा उजेड. शिकणारी मोठी माणसं आहेत, बहुतेक बायका, दोन-चार पुरुष. त्यांची भाषा मला आता जेवणापुरती येते, भांडणापुरती अजून नाही. पण गंमत ही की कोणी प्रश्नच विचारत नाही. आपल्याकडे मुली 'बाई, असं का, बाई, तसं का' करून डोकं उठवायच्या. इथे सगळे माझ्याभोवती गप्प उभे राहतात आणि हातांकडे बघतात. तोंडाकडे नाही, हातांकडे. मी चुकते कधी याची वाट बघत असणार. कुठेतरी पाणी मुरतंय.

एक मुलगी डावखुरी आहे. तिला पाहून कोणाची आठवण आली ते सांगत नाही. शेजारी उभं राहून दाखवलं की तिला सगळं उलटं पडतं, म्हणून मी तिच्या समोर बसून दाखवते. ही युक्ती मला कधी आणि कोणासाठी सापडली ते तुला ठाऊक आहे. आई तुझ्या हातावर चापट मारायची आणि मी तुला माळ्यावर नेऊन समोर बसवायचे. तर मी डावखुरीसमोर बसले तेव्हा बाकीच्यांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. त्याचा अर्थ अजून लागलेला नाही.

माझी पेपर कटिंग, कोट बेतायचे माझे कागदी साचे, तुझ्या पिशवीत सापडली होती, हे मी विसरलेले नाही. पत्र लिहिलं म्हणजे विसरले असं समजू नकोस.

ताई


१२ ऑक्टोबर

धाकटे,

उत्तर नाही. अपेक्षा नव्हतीच. मावशी म्हणाली, पत्र पोचलं आणि तू ते मशीनच्या खणात ठेवलंस. म्हणजे फाडलं नाहीस. ठीक.

इथे आल्यावर प्रत्येक शिक्षकाला स्वतःच्या हातचा एक नमुना शिवून द्यावा लागतो. मी कोट शिवला. करड्या लोकरीचा, आतून निळं अस्तर. जीव ओतून शिवला हं, कोणाला बोट ठेवायला जागा नको म्हणून. बाही तर अशी बसली की आई असती तर तिने चष्मा काढून पुन्हा घातला असता. तुला माहीत आहे, बाहीची गोलाई, ती जिथे बसते त्या मुंढ्यापेक्षा थोडी जास्त कापायची आणि ते जास्तीचं कापड एकही चुणी न पडू देता आत जिरवायचं. लोकांच्या बाह्या खांद्यावर फुगतात. आईच्या फुगत नसत आणि माझ्याही फुगत नाहीत. तुझ्या फुगायच्या, आता काय ते माहीत नाही.

वर्गात काचेचं कपाट आहे. त्यात आधीच्या शिक्षकांचा कोट टांगलेला आहे, दोन वर्षं होते ते इथे. फार देखणा. खांद्यावर धूळ साचली आहे पण कोणी हात लावत नाही, इतका मान. त्याच्या शेजारी माझा टांगला. मनात म्हटलं, जागा मिळाली.

कसली जागा! दुसऱ्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत वर्गात डोकावले तर माझा कोट टेबलावर उलटा पसरलेला आणि चार-पाच डोकी त्याच्यावर वाकलेली. एक जण अस्तराच्या आत बोटं घालून चाचपत होता. मला बघताच सगळे हसले आणि कोट परत टांगला. त्यांच्या त्या सुबक कोटाला हात लावायचा नाही आणि माझा मात्र बाजारातल्या वांग्यासारखा दाबून बघायचा. मोठ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान आहे ना? इतक्या लवकर!" काय लवकर, ते बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. अशा वेळी विचारलं की समोरचा सावध होतो.

खुर्ची अजून खिडकीशी जाते. मी तिच्या एका पायाखाली दोऱ्याचा तुकडा ठेवून गेले होते. संध्याकाळी तुकडा पलंगाशी पडलेला आणि खुर्ची खिडकीत. आता बोल.

मी म्हणते तशीच माणसं निघतात, धाकटे. मला आनंद होतो असं नाही.

ताई


१६ नोव्हेंबर

धाकटे,

बस झालं. आता तर पुरावाच मिळाला.

सोमवारी कपाट उघडलं तर माझा कोट गायब. आधीच्यांचा जागच्या जागी, माझा नाही. वर्गाला विचारलं, "कोट कुठे?" तर सगळे कापडात माना घालून बसले. डावखुरी लाल झाली. मी सरळ तिच्या टेबलाशी गेले आणि खण ओढला. आत माझी डावी बाही होती. कोटापासून सुटी केलेली. अस्तर वेगळं, लोकर वेगळी, शिवणीतले सगळे टाके कापलेले. आणि कापले कसे होते सांगू? उलटीकडून. उजव्या हाताचा माणूस तसे कापूच शकत नाही. असे टाके कापणाऱ्या मी आयुष्यात दोघीच पाहिल्या आहेत.

जिला मी समोर बसवून शिकवलं, दुपारी माझा डबा अर्धा दिला, तिने हे करावं? माझं काम उसवून ठेवलं, म्हणजे मार्चमध्ये मोठ्या बाई बघायला आल्या की कपाटात माझ्या नावाचं काहीच नको. कोणीतरी शिकवून केलेलं असणार. पोरीला एकटीला एवढं सुचायचं नाही.

त्यांच्या भाषेतला चोर हा शब्द मी मुद्दाम शिकून ठेवला होता, लागेल म्हणून. लागला. भर वर्गात म्हणाले. एकदा नाही, बाही हातात धरून दोनदा म्हणाले. मशीनं थांबली. डावखुरीने कात्री खाली ठेवली, बोटातलं अंगुस्तान काढून कात्रीशेजारी ठेवलं, आणि तिचा कोट न घेताच निघून गेली. खुंटीवर तसाच राहिला.

उरलेले माझ्याकडे बघत होते. या वेळी तोंडाकडे.

तेव्हापासून ती आलेली नाही. बरंच झालं. जेवण जात नाही, पण ते इथल्या थंडीमुळे असेल. तुला हे सगळं अशासाठी लिहिते की तू तिकडे सगळ्यांना सांगत फिरतेस, ताईला उगाच संशय येतो. बघ, उगाच येतो का.

ताई


१३ डिसेंबर

तुझं पत्र मिळालं. दीड वर्षात पहिलं. पाकीट एवढं मोठं आणि आत एकच ओळ. 'तिला विचारलंस का, की माझ्यासारखंच?'

विचारायचं काय त्यात? बाही तिच्या खणात होती! चोराला विचारतात का, बाई गं, तू चोर आहेस का म्हणून? आणि 'माझ्यासारखंच' म्हणजे काय? तुझ्या पिशवीत काय होतं ते गिऱ्हाइकांनीसुद्धा पाहिलं. मी जे बोलले ते डोळ्यांनी बघून बोलले.

तिकिटाचा खर्च करून एवढंच लिहायचं होतं तर नसतं लिहिलं तरी चाललं असतं.

ताई


१४ डिसेंबर

धाकटे,

काल रागाच्या भरात लिहिलेलं पत्र पेटीत टाकून बसले, नाहीतर परत घेतलं असतं. दोन्ही बरोबरच पोचतील. हे नंतर वाच.

पेटीवरून घरी न येता मी शाळेत गेले. सुट्टी होती, पण मोठ्या बाई सुट्टीच्या दिवशीही हजर असतात. म्हटलं, एकदा विचारूनच टाकते, म्हणजे तुझं तोंड बंद होईल. विचारलं, "माझा कोट का उसवला?"

त्यांनी हातातलं रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला कोणीच सांगितलं नाही? मला वाटलं, तुम्ही तिच्यावर रागावलात ते तिने एकटीनेच बाही उसवून खणात ठेवली म्हणून. कोट सगळ्यांनी मिळून टेबलावर उसवायचा असतो."

धाकटे, ही इथली रीत आहे. शिक्षकाचा नमुना पसंत पडला की वर्ग तो कपाटातून काढून पूर्ण उसवतो. प्रत्येकाने एकेक शिवण उघडायची, आत काय केलं आहे ते बघायचं, आणि मग तसाच परत शिवायचा. चार महिने लागले तरी चालतात. मी विचारलं, मग आधी सांगत का नाही? त्या म्हणाल्या, "आधी सांगितलं की शिक्षक उसवायला सोपं शिवतात. खरा हात दिसत नाही."

मी काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं. "आणि तो?"

"तो कोणी उसवला नाही," त्या म्हणाल्या. "माणूस चांगला होता."

दोन महिने मी त्या धुळीला मान समजत होते.

डावखुरीच्या घरचा पत्ता घेतला आणि तशीच निघाले, तिचा कोट हातावर घेऊन. चौथा मजला, जिना अरुंद, वर पोचेपर्यंत धाप लागली. दार तिनेच उघडलं. मी काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत होते, आणि दारात उभी राहिल्यावर ध्यानात आलं की 'माफ कर' हे त्यांच्या भाषेत मी शिकलेच नव्हते. चोर शिकले होते.

तिने आत घेतलं. टेबलावर तिने शिवायला घेतलेलं काहीतरी होतं, बाहीच असावी, खांद्यावर फुगलेली. मी तिच्या समोरच्या खुर्चीवर बसले. सुईत दोरा ओवला आणि सुई तिच्या डाव्या हातात दिली. मग विचारलं, "माझी बाही का नेलीस?"

ती म्हणाली, "तुमची बसते. माझी फुगते. बाहेरून कितीही बघितलं तरी कळेना, म्हणून आत बघितलं. सगळ्यांबरोबर थांबायला हवं होतं. मला धीर नव्हता."

एवढंच होतं. एवढंच विचारायचं होतं. मग आम्ही अंधार पडेपर्यंत ती एकच बाही बसवत होतो. निघताना तिने मला जिन्यावरून हात धरून खाली आणलं, आणि मी खरं सांगते, तिच्या आईने दिलेल्या खाऊच्या पुड्यात काय असेल असा विचार तरीही माझ्या मनात येऊन गेला. खोड आहे, एका दिवसात जायची नाही.

घरी परतल्यावर घरमालकिणीलाही विचारून टाकलं, खुर्ची का हलवता. म्हणाली, "तुम्ही येता तेव्हा खिडकीत थोडा उजेड उरलेला असतो. हातात सुई घेऊन तुम्ही पलंगाशी बसता. डोळे जातील."

धाकटे, मी थोडी रडले. थंडीमुळे नाही.

ताई


८ मार्च

धाकटे,

तुझी दोन पत्रं आली, तीही चांगली भरून. मावशीच्या गुडघ्याचं कळलं. दुकानात शाळेचे गणवेश घेतलेस तेही कळलं. पेपर कटिंगबद्दल तू अवाक्षर लिहिलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. ते पत्रात विचारायचं नाही असं मी ठरवलं आहे.

कोट शिवून झाला. डावखुरी दुसऱ्याच दिवशी वर्गात आली होती, आणि नंतर जवळजवळ तीन महिने हे सगळे माझ्या कोटाचा एकेक तुकडा टेबलावर मांडून बसत. मला विचारायचे नाहीत, फक्त बघायचे आणि शिवायचे. एकाने कॉलर दोनदा उसवली. माझी मूळची जरा वाकडी होती, त्याने वाकडीच शिवली, हुबेहूब. मी म्हटलं, अरे सरळ कर की. तर म्हणतो, "मग ती तुमची कशी राहील?" अशा माणसांवर मी पाळत ठेवून होते.

काल कोट मला दिला. सगळे उभे राहिले, मोठ्या बाई आल्या. हातात घेतल्यावर दिसलं की डावी बाही नुसती कच्च्या टाक्यांवर लावलेली आहे. मोठ्या बाई म्हणाल्या, "एक जागा आम्ही सोडतो. तुमचा ज्याच्या हातावर भरवसा असेल, त्याने ती शिवायची. नाव तुम्ही सांगायचं."

भरवसा! मला! हा प्रश्न! मला हसूच आलं. जिने बॅगेची किल्ली सहा महिने गळ्यात घातली, जी पोस्टातल्या बाईने पाकीट उघडलं की काय ते उजेडात धरून बघते, तिला विचारतात, भरवसा कोणावर आहे.

सगळे डावखुरीकडे बघत होते. तिने बोटात अंगुस्तानसुद्धा चढवलं होतं. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि तिला म्हणाले, "तुझ्यावर आहे. पण तुझ्या आधी एकीचा नंबर आहे, ती इथे नाही. चालेल?" तिने अंगुस्तान काढलं, थोडा विचार केला आणि विचारलं, "तीही डावखुरी?" मी हो म्हणाले. "मग चालेल," म्हणाली.

या लोकांचे माझ्यावर उपकार आहेत, धाकटे. पगार दिला, खोली दिली, ते तर आहेच. पण इतकी वर्षं शिवते मी, लोकांनी बाहेरून बघितलं, अंगात घातलं, मिरवलं. आत काय केलं आहे ते बघावंसं इथे या परक्या माणसांना वाटलं. आणि मी त्यांना काय म्हणाले होते ते आठवलं की अजून कान तापतात. तरी त्यांनी माझी वाकडी कॉलर वाकडी ठेवली. घरी हे मला कोणी शिकवलं नसतं. कदाचित कोणी शिकवायला बघत असेल आणि मी बघितलं नसेल.

पुढची दोन वर्षं देऊ केली आहेत. सही अजून केलेली नाही. मोठ्या बाईंना म्हटलं, आधी महिनाभर घरी जाऊन येते, मग सांगते. त्या म्हणाल्या, "बाही शिवून या."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येते. कोट बॅगेत घालत नाही. बॅगा उघडतात, ओढतात, माझा या विमानवाल्यांवर काडीचा विश्वास नाही. अंगात घालूनच येणार, तिकडे घामाच्या धारा लागल्या तरी. डावा हात वर करता येणार नाही, टाके सुटतील, तेव्हा विमानतळावर मी हात हलवला नाही तर रुसले असं समजू नकोस.

तुझ्याच दुकानात येते, नव्या पाटीच्या. दोन खुर्च्या लागतील. विचारायचं आहे ते एकच आहे, आणि ते तुला केव्हाचं ठाऊक आहे. ते विचारल्यावर मी मधे बोलणार नाही, तू हवा तेवढा वेळ घे. सुई तूच ओव. डावखुऱ्या माणसासमोर कसं बसायचं ते मला येतं.

तुझी
ताई